सीझनच्या आधी हॉटेलांना मेल टाकताय? आधी रिव्ह्यू वाचा

मी गोव्यात म्हापशातून हॉटेलांना चादरी-टॉवेल पुरवतो. सुरवातीला कुठूनतरी विकत घेतलेल्या यादीवर एकच मेल सगळ्यांना ढकलला, अर्धे पत्ते बंद निघाले नि बाकीचे बहुतेक स्पॅममध्ये गेले असणार, उत्तर एकाचंही नाही. पैसे पाण्यात.

आता गूगल मॅप्सवर कळंगुट, हणजूण, मोरजी असा एकेक पट्टा घेतो आणि छोट्या गेस्टहाऊसांचे कमी स्टारवाले रिव्ह्यू वाचत बसतो, पावसाळ्यातले खास, कारण कुणीतरी लिहिलेलंच असतं की टॉवेलला कुबट वास येत होता. हीच आपली लीड, म्हणजे गिर्‍हाईक मिळायचा धागा! पण मेलमध्ये ते तोंडावर फेकायचं नाही हां, मालक चिडतो. मी विषयात लिहितो ‘पावसात लवकर सुकणारे टॉवेल, हणजूणमध्येच पोच’ आणि आत चारच ओळी: तुमच्या १२ खोल्या दिसल्या, पातळ विणीचे टॉवेल लवकर सुकतात, दोन नमुने फुकट देतो, गुरुवारी त्या बाजूला येतोय, देऊन जाऊ का? शेवटी नाव नि फोन नंबर. अटॅचमेंट, कॅटलॉग काही नाही, मागितला तर पाठवायचा.

वेळ ऑगस्ट-सप्टेंबरची, ऑक्टोबरात गिर्‍हाईक यायला लागलं की मालकाला मान वर करायला फुरसत नसते. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांनाच मेल जातात, पण मी १५च्या वर जात नाही, तेवढेच नीट वाचून लिहिता येतात. आठवड्याने त्याच मेलखाली एक आठवण, तरी गप्प असेल तर सोडून द्यायचं.