उताऱ्यातला आजोबांचा घर नंबर

२०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून मी एका ग्रामपंचायतीत रुजू झालो. पदवीधरांना महिना १०,००० रुपये विद्यावेतन, मुदत सहा महिने. ती पुढे वाढून अकरा झाली. यातून कायम नोकरी लागत नाही, हे मनाशी धरूनच जा. आणि बँक खात्याला आधार आधीच जोडून घ्या, पैसे थेट खात्यात येतात.

पहिल्याच दिवशी भाऊसाहेबांनी (ग्रामसेवकांना आमच्याकडे सगळे भाऊसाहेबच म्हणतात) मला कॉम्प्युटरपुढे बसवलं. तरुण पोरगा दिसला की ऑफिसला ऑपरेटर सापडतो. दोन महिने मी नुसता टायपिंग करत होतो, आणि मला वाटायचं की काम शिकतोय.

मग एक आजोबा घराचा उतारा मागायला आले. मी स्क्रीनवर शोधलं आणि सांगून टाकलं, "आजोबा, तुमच्या नावावर घरच नाही." त्यांचा चेहरा पडला. शिपाईमामा काही न बोलता उठले आणि कपाटातून जुनी नोंदवही काढून आणली. दर चार वर्षांनी घरपट्टीची फेरआकारणी होते. मागच्या वेळी घर नंबर बदलला होता आणि नाव चुकीच्या ओळीवर चढलं होतं. मामांनी आजोबांकडची घरपट्टीची जुनी पावती, म्हणजे नमुना १०, मागून घेतली. तिच्यावरून नमुना ९ या वहीतली कराची मागणी आणि तिथून नमुना ८ या वहीतली घराची आकारणी शोधली. दहा मिनिटांत घर सापडलं.

त्या दिवसापासून मी रोज जेवणानंतर एक नोंदवही उघडून बसायचो. कुणी शिकवत नाही, पण बघू देतात. आवक-जावक वहीपासून, म्हणजे आलेल्या-गेलेल्या पत्रांच्या नोंदीपासून, सुरुवात करा. गावात काय चाललंय ते तिथे कळतं. नंतर १५ व्या वित्त आयोगाची, म्हणजे केंद्राकडून आलेल्या निधीची फाइल. 'पैसे आलेत, मग आमच्या गल्लीतला रस्ता का होत नाही' हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल. २०२१ ते २०२६ साठी त्यातला ६० टक्के निधी बंधित ठेवलेला, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. हे शांतपणे समजावता आलं की गावात तुमची ओळख 'कॉम्प्युटरवाला' एवढीच राहत नाही.

एक ग्रामसभा तरी पूर्ण बसून ऐका. गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला, १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला कमी आकडा लागतो. तेवढेही जमत नाहीत तेव्हा लोकांना घराघरांतून बोलवायला कोण जातं, तेही बघा. आमच्याकडे मामाच जायचे.

टिप्पणी, म्हणजे मंजुरीसाठी वर ठेवायची कार्यालयीन नोंद, लिहायला मात्र मी भाऊसाहेबांच्या मागे लागून शिकलो. विषय, आधीचा पत्रव्यवहार, नियम, मग प्रस्ताव, याच क्रमाने. माझी पहिली टिप्पणी त्यांनी नीट वाचली आणि 'तात्काळ' हा एकच शब्द खोडला.

"हा शब्द सगळेच लिहितात रे."