म्हणायचं होतं ‘थरो’, तोंडातून गेलं ‘थ्रू’

औसा तालुक्यातल्या मराठी शाळेतून सिव्हिलच्या डिप्लोमाला आलेला मी. पहिला इंटरव्ह्यू पुण्यात. सॉइल मेकॅनिक्स, म्हणजे बांधकामाखालच्या मातीचं शास्त्र, कितपत येतं, असं विचारल्यावर छाती काढून म्हणालो, “आय ॲम थ्रू विथ सॉइल मेकॅनिक्स, सर.” साहेब हसले. “म्हणजे सोडून दिलं का?”

चूक कळायला मला वर्ष गेलं, म्हणून इथं जरा पाल्हाळ लावतो. ‘थरो’ म्हणजे पक्कं, सखोल. स्पेलिंगमध्ये फरक एका ‘ओ’चा, आणि आमच्याकडं सगळेच ‘चॅप्टर थ्रू कर’ म्हणायचे. ‘थ्रू विथ’चा अर्थ मात्र ‘आता संबंध संपला’. मोडलेल्या सोयरिकीबद्दल बोलावं तसं मी विषयाबद्दल बोललो होतो! बरं, उच्चार नीट केला असता तरी ‘आय ॲम थरो विथ’ हे आपल्याकडंच खपतं. बाहेर माणसाला ‘थरो’ म्हटलं की तो काटेकोर, एवढाच अर्थ निघतो. सरळ ‘आय हॅव अ थरो अंडरस्टँडिंग ऑफ’ म्हणा. ‘वेल व्हर्स्ड’ वापरलात तर पुढं ‘इन’. आणि ‘मला समजतंय’वरून ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ येतंच तोंडात. तिथं ‘आय अंडरस्टँड’.

तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीवाल्या क्लासला पैसे घालू नका. मी घातलेत.

खरी फजिती पुढंच होती. साहेबांनी विचारलं, काळ्या मातीवरच्या घरांना तडे का जातात? अहो, आमच्या रानात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात! पण ‘स्वेल’ (फुगणं) आणि ‘श्रिंक’ (आकसणं) ही दोन साधी क्रियापदं आठवली नाहीत. घाम नुसता.

घाबरू नका, हे जमतं. दुसऱ्या इंटरव्ह्यूला मी लॅबमधली फ्री स्वेलची, म्हणजे माती किती फुगते ते बघायची टेस्टच सांगत सुटलो, लहान लहान वाक्यांत. चाळलेली कोरडी माती, दोन नळ्यांत 10-10 ग्रॅम. एकीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत रॉकेल. 24 तास ठेवायचं. पाण्यातली फुगून वर येते, रॉकेलातली फुगत नाही. दोन्हींच्या फरकावरून टक्के काढायचे. एकदोन ठिकाणी ‘इज’ राहिला, कुणी टोकलं नाही.

“यू नो धिस इनसाइड आउट,” साहेबच म्हणाले, म्हणजे हे तुला पक्कं येतं. मी नुसती मान हलवली. थँक यू म्हणायचं राहूनच गेलं.