चेन आणि स्प्रॉकेट कसं निवडायचं: सुरुवात छोट्या स्प्रॉकेटपासून करा

बरेच जण आधी चेन बघतात, जाडजूड दिसली की खूश, आणि मग स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर चालते ते दातेरी चाक, काय तर जागेत मावेल ते. मग होतं काय, चेन तुटत नाही पण खडखडते, वर्षभरातच लांबते आणि दोष चेनच्या माथी. खरं म्हणजे छोट्या स्प्रॉकेटला दाते किती यावर बाकीचं बरंच काही ठरतं, म्हणून हिशोब तिथूनच सुरू करायचा.

त्याआधी कागदावर एवढं लिहून घ्या: मोटर किती किलोवॅटची, चालवणाऱ्या शाफ्टचा आरपीएम किती, चालणाऱ्याला किती हवा, दोन्ही शाफ्टच्या मध्यांमध्ये अंतर किती आणि शाफ्टची जाडी किती. शिवाय लोड कसा आहे तेही, म्हणजे पंख्यासारखा एकसारखा की क्रशरसारखा दणके देणारा. इलेक्ट्रिक मोटर असेल तर एकसारख्या लोडला फॅक्टर १, मध्यम धक्क्यांना १.३ आणि जबर धक्क्यांना १.५ धरतात आणि मोटरच्या पॉवरला त्याने गुणतात. हा गुणाकार टाळून पुढे जाऊ नका, नंतरचे सगळे आकडे त्यावरच उभे असतात.

एक उदाहरण घेऊ. १.५ किलोवॅटची मोटर, गिअरबॉक्समधून १०० आरपीएम बाहेर, कन्व्हेयरच्या शाफ्टला ५० हवेत, अंतर साधारण ७०० मिमी, धक्के मध्यम. म्हणजे हिशोबाची पॉवर १.५ गुणिले १.३, १.९५ किलोवॅट.

आता दाते. चेन स्प्रॉकेटवर गोल वळत नाही, बहुकोनावर वळते, त्यामुळे शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी चेनचा वेग प्रत्येक दात्यागणिक कमी-जास्त होतो. ११ दाते असतील तर हा फरक सुमारे ४ टक्के, १७ ला १.७ आणि २५ ला जेमतेम ०.८. खडखडाट आणि झीज बरीचशी इथूनच येते. म्हणून कमीत कमी १७ धरा, अगदी हळू फिरणारं काम असेल तरच त्याच्या खाली जा. आणि छोट्या स्प्रॉकेटचे दाते शक्यतो विषम ठेवा, कारण चेनच्या लिंक सम असतात, मग तोच दाता त्याच त्याच लिंकवर वारंवार येत नाही आणि झीज वाटली जाते.

आपल्याला रेशो, म्हणजे १०० भागिले ५०, २ हवाय, म्हणून छोटं २१ आणि मोठं ४२ घेऊ. रेशो सातच्या वर गेला तर एकाच टप्प्यात ओढाताण न करता दोन टप्पे केलेले बरे.

मग पिच, म्हणजे चेनच्या लगतच्या दोन पिनांमधलं अंतर. इथे कॅटलॉगमधला पॉवरचा तक्ता बघायचा, नुसती तुटण्याची ताकद बघून भागत नाही कारण चेन बहुतेक वेळा थकून किंवा झिजून जाते. २१ दाते आणि १०० आरपीएमला १५.८७५ मिमी पिचची सिंगल (एकपदरी) चेन ढोबळमानाने सव्वा किलोवॅट ओढते, म्हणजे कमी पडते. १९.०५ मिमीची दोनच्या थोडं वर जाते, ती चालेल. आता उलट बाजूने तपासा: वेग म्हणजे २१ गुणिले १९.०५ गुणिले १०० भागिले ६०,०००, येतो ०.६७ मीटर प्रति सेकंद, १५०० वॅटला त्याने भागलं की ओढ साधारण २२५० न्यूटन, फॅक्टर लावून २९०० च्या आसपास. या १९.०५ मिमी पिचच्या चेनची, म्हणजे १२ए ची, किमान ताकद ३१.३ किलोन्यूटन आहे, म्हणजे दसपटीहून जास्त, निवांत.

पॉवर जास्त आणि वेगही जास्त असेल तर मोठ्या पिचऐवजी छोट्या पिचची डुप्लेक्स (दोनपदरी) चेन बघा, आवाज कमी होतो. फक्त ती दुप्पट ओढत नाही, १.७ पटच धरायची.

इथे एक गोष्ट लोक हमखास विसरतात. ए आणि बी अशा दोन सिरीज आहेत आणि पिच सारखी असली म्हणून त्या एकमेकींच्या जागी बसतात असं नाही. ०८ए आणि ०८बी दोन्ही १२.७ मिमीच्या, पण ०८ए चा रोलर ७.९२ मिमी आणि ०८बी चा ८.५१. १२ए ची आतली रुंदी १२.५७ आणि १२बी ची ११.६८. म्हणून जुनी चेन बदलताना पिच, रोलर आणि आतली रुंदी, तिन्ही व्हर्नियरने मोजा.

लांबी पिचमध्ये काढा. अंतर ७०० भागिले १९.०५, म्हणजे ३६.७५ पिच. त्याची दुप्पट ७३.५, अधिक दोन्ही दात्यांच्या बेरजेचा अर्धा ३१.५, अधिक दात्यांच्या फरकामुळे येणारी ०.३ ची छोटी भर. एकूण १०५.३. पुढचा सम आकडा १०६ घ्यायचा, नाहीतर हाफ लिंक, म्हणजे वाकड्या पट्ट्यांची एकटी कडी, टाकावी लागते आणि तिने चेनची ताकद तीसेक टक्क्यांनी पडते. १०६ लिंकला अंतर सुमारे ७०७ मिमी होतं, म्हणजे मोटर ७ मिमी मागे सरकली पाहिजे, बेसला लांबट स्लॉट ठेवलेत ना ते बघा. अंतर एरवी ३० ते ५० पिचमध्ये ठेवलं की बरं असतं. मोठ्या स्प्रॉकेटचा बाहेरचा व्यास साधारण २६६ मिमी येईल, गार्डमध्ये तो मावतोय का तेही आत्ताच मोजा.

स्प्रॉकेटचं बोअर (मधलं भोक) शाफ्टला आणि कीवेला (चावीच्या खाचेला) जुळलं पाहिजे हे उघड आहे. काढ-घाल जास्त असेल तर टेपर लॉक, म्हणजे निमुळत्या बुशने शाफ्टवर आवळणारं स्प्रॉकेट, घ्या, ओढून काढायच्या पुलरशी झटापट वाचते. छोट्याचे दाते हार्डन केलेले मागा, कारण तेच जास्त वेळा झिजतात.

बसवताना मेन स्विच बंद करून कुलूप घाला, मग दोन्ही स्प्रॉकेट सरळ पट्टी लावून एका रेषेत आणा. आडव्या ड्राइव्हमध्ये ताणाची बाजू वर ठेवा, खालच्या बाजूला अंतराच्या २ ते ४ टक्के झोल, म्हणजे इथे १४ ते २८ मिमी. चेन तारेसारखी ताणू नका, बेअरिंग जातात. चेनची टोकं जोडणाऱ्या कडीच्या, म्हणजे चेन लॉकच्या, क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला. तेल लिंकच्या पट्ट्यांच्या फटीत, चेनच्या आतल्या बाजूने घाला. वरून जाड ग्रीस चोपडलं तर ते पिनपर्यंत पोचतच नाही, फक्त धूळ धरून ठेवतं.

आणि चेन लांबते म्हणजे पोलाद ताणलं जात नाही, पिन आणि ती ज्यात फिरते ती नळी, म्हणजे बुश, झिजतात. १६ पिच ताणून मोजा: नवी ३०४.८ मिमी भरेल, ३१४ च्या आसपास गेली की ३ टक्के झाले, बदला. त्याच वेळी दाते एका बाजूला हुकासारखे वाकलेले दिसले तर स्प्रॉकेटही काढा, नाहीतर त्यावर नवी चेन लवकरच खराब होते.