जेट विमानाचं मॉडेल करताय? या चुका टाळा

आपल्याकडं सगळ्यात जास्त मॉडेलं रंगात वाया जातात, कारण ती उन्हाळ्याच्या सुट्टीत होतात. लातूर-परभणीकडं मे महिन्यात पारा 42 च्या पुढं जातो आणि पत्र्याखालची खोली त्याहून तापते. एअरब्रशमधून (हवेच्या दाबानं रंग फवारणारं पेन) निघालेला ॲक्रिलिक रंगाचा थेंब प्लास्टिकवर पोचायच्या आधीच वाळतो आणि पिठासारखा बसतो.

एका पोरानं 1/72 (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) मिग-21 चे सांधे चार दिवस घासले, 400 पासून 1200 च्या पॉलिश पेपरपर्यंत. 1963 मध्ये हवाई दलात आलेली पहिली मिग उघड्या धातूची होती, म्हणून रंग चंदेरी निवडला. त्या रंगात बारीक ओरखडासुद्धा लपत नाही. मारला भर दुपारी. पाठ खरखरीत झाली, ती झाकायला वरून जाड थर दिला, आणि पॅनेलच्या, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या कोरीव रेषाच बुजल्या. सगळा रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं काढावा लागला.

रंग सकाळी सहा ते आठच्या दरम्यान मारा. दुधाइतका पातळ करा, दोन-तीन थेंब रिटार्डर (रंग उशिरा वाळवणारं द्रव) टाका, दाब 15 ते 20 पीएसआय, अंतर 5 ते 8 सेंटिमीटर. तीन पातळ थर द्या. एकाच जाड थरात उरकायची घाई करणाऱ्यानं किट उघडूच नये. कूलर बंद ठेवा, त्याच्या वाऱ्यासोबत गवताची कुसळं येतात. पावसाळी दमट हवेत लॅकर जातीचा रंग पांढरट पडतो, त्या दिवशी घासकाम करा.

दुसरी चूक नाकातल्या वजनाची. पुढं एक चाक, मागं दोन, अशी बहुतेक जेट शेपटीवर बसतात, आणि हे कळतं तेव्हा धड बंद झालेलं असतं. सुटे भाग टेपनं जोडा, मागच्या चाकांच्या जागेखाली पेन्सिल आडवी ठेवा आणि नाक खाली झुकेपर्यंत वजन घाला. सायकलच्या दुकानातले पोलादी छर्रे उत्तम. गळाचं शिसं वापरायचं तर एपॉक्सीत बसवा. फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात शिसं हळूहळू गंजून फुगतं आणि वर्ष-दोन वर्षांनी नाक आतून फाटतं.

कॅनॉपी, म्हणजे वैमानिकावरचं पारदर्शक झाकण, सुपरग्लूनं चिकटवू नका, वाफेनं काच धुरकट होते.

भाग आधी भांड्याच्या साबणानं धुवा, साच्याचं तेल निघालं नाही तर रंग टेपसोबत उपटून येतो.

डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र) मॅट रंगावर लावलं की खाली हवा अडकते आणि कडेनं चंदेरी चकाकी दिसते. आधी ग्लॉस क्लिअर मारा, पूर्ण एक दिवस वाळू द्या. आणि डेकल भिजवायला बोअरचं पाणी नको. त्यातला क्षार वाळला की तिरंगी चक्राभोवती पांढरं कडं उमटतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, एक बाटली कित्येक विमानांना पुरते.