विहिरीत हिरवा दगड लागला? तांबं-सोनं समजण्याआधी या चुका टाळा

दर उन्हाळ्यात विहिरींची खोदाई सुरू झाली की खानापूर-आटपाडीकडून माझ्याकडे दगड यायला लागतात. मी सांगलीत भूशास्त्र शिकवतो, त्यामुळे कुणाच्या ना कुणाच्या ओळखीनं माणसं येतात. गेल्या वैशाखात विट्याकडचे एक आबा आले. रुमालात काळ्या पाषाणाचा तुकडा, त्याला वाटाण्याएवढी भोकं आणि भोकांच्या आतून हिरवागार लेप. "सर, तांबं हाय न्हवं? तांब्याबरोबर सोनं पण असतंय म्हणं." खाण निघेल या आशेवर त्यांनी आठवडाभर खोदाई बंद ठेवली होती. पाऊस तोंडावर आणि विहीर अर्धी. मला फार वाईट वाटलं, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यांत महाग पडणारी चूक म्हणजे नुसत्या रंगावर जाणं. मॅलाकाइट हे तांब्याचं खनिज हिरवं असतं हे खरं, पण आपल्या पाषाणातला हिरवा लेप बहुतेक वेळा सेलॅडोनाइट नावाच्या खनिजाचा असतो आणि त्याचा रंग लोहामुळे येतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहत आला. त्यातले वायूचे बुडबुडे थिजून भोकं राहिली आणि पुढे झिरपत्या पाण्यानं ती सेलॅडोनाइट, झिओलाइट, कॅल्साइट अशा खनिजांनी भरली. तांबं-सोन्याचे बरेचसे मोठे साठे वेगळ्या रीतीनं घडतात. समुद्राचा तळ खंडाखाली सरकतो तिथे जमिनीत काही किलोमीटर खोल शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, अडकतो. तो थंड होताना सुटलेलं तापलेलं, खारट पाणी भोवतीचा खडक तडकवतं आणि त्या भेगांत गारगोटीबरोबर चाल्कोपायराइट हे तांब्याचं खनिज साचतं. आपल्या लाव्ह्याच्या थरांत हे घडलेलं नाही. खाली जुना खडक आहेच, पण कोयनेत भूकंपाच्या अभ्यासासाठी बोअर घेतलं तेव्हा तो लागेपर्यंत ९०० मीटरहून जास्त पाषाण भेदावा लागला.

मग खात्री कशी करायची? द्राक्षवाल्यांना ही परीक्षा पाठ आहे. बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं मिश्रण, तयार झालं की आपण त्यात विळा बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. इथेही तेच करायचं. हिरवा लेप खरवडून त्याची पूड पातळ आम्लात रात्रभर ठेवायची आणि सकाळी घासून लख्ख केलेला खिळा त्यात सोडायचा. मॅलाकाइट असेल तर खिळ्यावर तांब्याचा थर चढतो. आबांचा खिळा काळपट झाला, पण लोखंडाचा तो लोखंडाचाच राहिला. यात एक फसगत हमखास होते. आम्ल पडताच दगड फसफसला की लोक खूश होतात. मॅलाकाइट फसफसतं, पण शेजारचं पांढरं कॅल्साइट त्याहून जोरात फसफसतं. फेसाकडे बघू नका, खिळ्याकडे बघा. आणि हे घरी करू नका, जवळच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत करून घ्या.

काहीजण थेट माती तपासायला पाठवतात आणि रिपोर्टात तांबं वाढलेलं बघून हरखतात. बागेतल्या मातीत वर्षानुवर्षं फवारलेलं मोरचूद असतं आणि मोरचुदात तांबं असतंच. माळरानावरची माती घेतली तरी आपल्या पाषाणातच दहा लाख भागांत शे-दोनशे भाग तांबं असणं नेहमीचं आहे. २०० भाग म्हणजे ०.०२ टक्के. तेवढ्यानं खाण होत नाही.

आकड्यांच्या बाबतीत आपल्याकडची अडचण न्यारी आहे. खानापूर तालुक्यातले गलाईवाले देशभर सोनं-चांदी गाळतात, टंच काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. पण टंच मोजायचा शंभरात, २२ कॅरेट म्हणजे ९१.६. खाणीतलं सोनं मोजतात टनामागे ग्रॅममध्ये. टनाला एक ग्रॅम म्हणजे दहा लाखांत एक भाग. हा आकडा हास्यास्पद वाटून सोडून देणारे मी पाहिलेत आणि त्यालाच टक्के समजून नाचणारेही.

मंगोलियातल्या ओयू तोलगोईचं उदाहरण मी वर्गात नेहमी देतो. नावाचा अर्थच पिरोजा टेकडी, कारण तिथल्या खडकावर हिरवा-निळा डाग होता आणि तो खरोखर तांब्याचा होता. १९९० च्या दशकात बीएचपी कंपनीनं तिथे बोअर घेतले, तांबं लागलं, पण पुरेसं वाटेना म्हणून काम सोडलं. २००० मध्ये आयव्हॅन्हो माइन्सनं ते हाती घेतलं आणि २००१ मध्ये १५० क्रमांकाच्या बोअरमध्ये ५०८ मीटर लांबीत सरासरी ०.८१ टक्के तांबं आणि टनामागे १.१७ ग्रॅम सोनं मिळालं. २०१३ मध्ये तिथून माल बाहेर पडायला लागला. म्हणजे भोवतालचा खडक योग्य असेल तर थोड्या बोअरवरून निकाल लावणंही चुकीचंच. आणि ५०८ मीटर ही बोअरमधली लांबी आहे. बोअर तिरका गेला तर साठ्याची खरी रुंदी त्याहून कमी भरते, बातम्या वाचताना हे हमखास निसटतं.

नमुना आणताना सगळ्यांत देखणा तुकडा निवडू नका. थराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सारख्या अंतरावर कपच्या काढा, साध्या दगडाच्यासुद्धा. पिशवीवर खोली लिहा, वर काय होतं आणि खाली काय लागलं तेही लिहा.

आबांना मी हेच विचारलं. ३८ फुटांवर गेरूसारखा तांबडा पट्टा लागला होता आणि हा जाळीदार दगड त्याच्या लगेच खाली होता. तांबडा पट्टा दोन लाव्ह्यांच्या मधला, जाळीदार दगड खालच्या लाव्ह्याचा माथा. हा माथा झिजलेला, भेगाळलेला असेल तर आपल्याकडे पाणी त्यातच धरतं. दगडाला नखानं ओरखडा उठत होता, भेगांत ओलही होती. आबांना म्हटलं, उद्याच माणसं लावा.