फोटोची खरी मापं टर्मिनलवर बघताना

टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) आधी ‘फाइल’ ही कमांड लिहून पुढे फोटोचं नाव द्या. ती एक्स्टेन्शनवर (नावाच्या शेवटच्या ‘जेपीजी’सारख्या अक्षरांवर) विसंबत नाही, आतले सुरुवातीचे बाइट वाचते. नाव जेपीजी आणि आत पीएनजी, ही लबाडी लगेच उघडी पडते. ऑनलाइन फॉर्म फोटो घेत नाही त्यामागे कधी कधी एवढंच असतं.

मापांसाठी इमेजमॅजिक या फोटोंवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमची ‘आयडेंटिफाय’ कमांड (सातव्या आवृत्तीत तिच्याआधी ‘मॅजिक’). फॉरमॅट, रुंदी-उंची, बिट डेप्थ (रंगासाठी किती बिट), सगळं एका ओळीत. डॅश लावून ‘व्हर्बोज’ दिलंत तर ती पिक्सेलन् पिक्सेल वाचते, मोठ्या टिफ फाइलवर रखडते. नुसत्या मापांना तसाच डॅश लावून ‘पिंग’ पुरे.

४००० बाय ३००० दिसतंय, पण फोटो उभा उघडतो? एक्झिफमधलं (फोटोसोबत साठवलेल्या माहितीतलं) ओरिएंटेशन, म्हणजे फोटो कसा वळवून दाखवायचा तो आकडा, बघा, ६ किंवा ८ असणार. आणि फाइलमध्ये लिहिलेल्या डीपीआयच्या (इंचामागे किती ठिपके) आकड्याला भुलू नका, पिक्सेल मोजा: ३.५ बाय ४.५ सेंमीचा फोटो ३०० डीपीआयने छापायला साधारण ४१३ बाय ५३१ पिक्सेल लागतातच.