घरच्या डीव्हीडी रेकॉर्डरमधील चित्रीकरण संगणकावर घेताना

जुना डीव्हीडी रेकॉर्डर भंगारात देण्यापूर्वी त्यावर नोंदवलेली प्रत्येक डिस्क ‘फायनलाइज’ (म्हणजे नोंद पूर्ण करून इतर यंत्रांना वाचता येईल अशी) झाली आहे का, हे त्याच यंत्रावर तपासावे. कारण ही क्रिया राहून गेलेली डिस्क संगणकाला बहुधा कोरी वाटते आणि दुसऱ्या कंपनीचे यंत्र ती पूर्ण करून देईलच असे नाही. ही क्रिया चालू असताना वीज जाणे डिस्कला घातक ठरते. त्यामुळे वळवाच्या दिवसांत रेकॉर्डर इन्व्हर्टरवर जोडलेला बरा.

सांगलीतील ज्या घरांत ऑगस्ट २०१९ च्या महापुराचे पाणी शिरले, तेथील डिस्कवर अजूनही गाळाचा थर असू शकतो. अशी डिस्क स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी आणि मऊ सुती कापडाने मधल्या छिद्रापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल फिरवून पुसल्यास ओरखडा माहितीच्या मार्गालगत लांबवर उमटतो आणि ड्राइव्हची चूकदुरुस्ती तेथे अपुरी पडते. मार्गाला आडव्या जाणाऱ्या ओरखड्यातून ती बहुधा निभावून नेते.

रेकॉर्डर लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींनी कॅप्चर कार्डाला (चालू चित्र संगणकात नोंदवणाऱ्या उपकरणाला) जोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण डिस्क वाचता येत असेल तर तो मानू नये. चित्र मुळातच डिजिटल असताना ते अ‍ॅनालॉग करून पुन्हा डिजिटल केल्याने दर्जा विनाकारण घसरतो. त्याऐवजी यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह जोडून ‘व्हिडिओ_टीएस’ हा फोल्डर जसाच्या तसा उतरवावा. त्यातील व्हीओबी फाइली जास्तीत जास्त १ जीबीच्या तुकड्यांत असतात, त्या मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर दर्जा न बदलता जोडून देते. व्हीआर (व्हिडिओ रेकॉर्डिंग) या दुसऱ्या पद्धतीने नोंदवलेल्या डिस्कवर मात्र ‘डीव्हीडी_आरटीएव्ही’ हा फोल्डर आणि त्यात व्हीआरओ फाइल आढळते. ती व्हीएलसी प्लेयरमध्ये उघडून पाहावी.

रेकॉर्डरमध्ये हार्डडिस्क असल्यास ती काढून संगणकाला जोडू नये. तिची मांडणी विंडोजला कळत नाही, आणि ‘फॉरमॅट करू का’ या प्रश्नाला चुकून होकार गेला की चित्रीकरण हातचे जाण्याची भीती असते. त्यातील भाग रेकॉर्डरवरच ‘हाय स्पीड डबिंग’ने (जलद नकलेने) डिस्कवर घेऊन मग वरीलप्रमाणे उतरवावेत.

मोबाइलवर पाठवण्यासाठी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये एच.२६४ या व्हिडिओ-पद्धतीची लहान प्रत करता येते. तेव्हा ‘डीइंटरलेस’ निवडावे, अन्यथा हालचालीत कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. मूळ चित्र ७२० बाय ५७६चे असल्याने आकार वाढवून स्पष्टता वाढत नाही. मूळ फाइली पुसू नयेत. प्रत्येक फाइल मध्यभागी व शेवटी चालवून पाहावी आणि दुसरी प्रत पूररेषेबाहेर राहणाऱ्या नातेवाइकांकडे ठेवावी.